एक पाय प्लास्टरमध्ये, चार पत्र्यावर

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांच्या ट्रेकला जायचं ठरलं होतं. दोर, हार्नेस, हेल्मेट सगळं काढून ठेवलं होतं. मदनचा कातळटप्पा दोर लावून चढायचा असतो, त्याची धास्ती महिनाभर पोटात होती. आणि मी पडले कुठे, तर आमच्याच सोसायटीच्या जिन्यावर, शेवटच्या पायरीवरून. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्यात फोन. घोट्याला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. ग्रुप माझ्याविना गेला. त्यांचे फोटो यायला लागले तेव्हा मी फोन उशीखाली ठेवला.

बहिणीचा मुलगा ओंकार यंदा बारावीला. "तो डबा घरातून हलव" असं ताईचं फर्मान निघालं आणि त्याचा प्लेस्टेशन रिक्षातून माझ्याकडे आला. मी आयुष्यात गेम खेळले ते मोबाईलवरचे, गोळ्या फोडायचे. ओंकारने वायरी जोडल्या, कंट्रोलर हातात दिला आणि म्हणाला, "मावशी, हा लाव. यात तू मांजर आहेस."

"मांजर काय करतं?"

"चालतं, उड्या मारतं, म्याव करतं. गावभर हिंडतं. तुला जमेल."

गेमचं नाव 'स्ट्रे', म्हणजे भटकं. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या 'ब्लूट्वेल्व्ह' नावाच्या छोट्या स्टुडिओने केलेला, जुलै 2022 मध्ये आलेला. ओंकार म्हणाला पाच-सहा तासांत संपतो. मला आठवडा लागला. त्या आठवड्याची ही हकिगत. शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना खेळायचाय त्यांनी इथूनच परत फिरावं.

रविवार

पाऊस. काँक्रीटच्या एका मोडक्या आडोशाला चार मांजरं बसलीत, त्यातलं पिवळं ते मी. कुणी काही सांगत नाही. जवळ गेलं की एक चिन्ह दिसतं, ते बटण दाबलं की दुसऱ्या मांजराचं डोकं चाटायचं. एकाशी लुटुपुटुची कुस्ती झाली. मग सगळी एकमेकांच्या अंगावर मुटकुळं करून झोपली. गेमची सुरुवात झोपण्याने होते हे मला फार पटलं.

सकाळी चौघं निघाली. झाडोऱ्याने भरलेलं कसलंसं जुनं बांधकाम, मोठमोठे पाइप, साचलेलं पाणी. एका झाडाच्या खोडावर नखं घासायची, तर कंट्रोलरच्या मागचे दोन खटके आळीपाळीने ओढायचे; डावा, उजवा, डावा, उजवा. खटके बोटांना किंचित अडतात, खरंच काहीतरी खरवडल्यासारखे. मी उगाचच दोन मिनिटं झाड खरवडत बसले.

मग पाइपवरून पलीकडे उडी. बाकीची तीन गेली. माझ्या पायाखालचा पाइप निसटला. पंजांनी धरून लोंबकळले, वरून तिघं वाकून बघतायत, आणि सुटले. खाली, खाली, खूपच खाली अंधारात.

उठलं तेव्हा ते मांजर लंगडत होतं. एक पाय उचलून, दोन पावलं टाकून थांबत होतं. मी प्लास्टरकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. ओंकारला हे आधीपासून माहीत असणार. गधडा!

मांजराचा पाय मिनिटभरात बरा झाला, एवढंच काय ते खोटं.

खाली एक मेलेलं शहर. कचरा, नळ्या, बंद दुकानं, वर आकाश नाहीच, छत. मला पहिली अडचण आली ती ट्रेकवाल्याची: नकाशा कुठाय? ओंकारला फोन लावला, तर म्हणाला, "नकाशा नाहीये, मावशी." कोपऱ्यात बाण नाही, अंतर नाही, काही नाही. पण कुठेतरी एखादा दिवा लुकलुकतो, एखादा पडदा चालू होतो, एखादी पाटी उजळते. मांजर उजेडाकडे जातं, आपण मांजराबरोबर. थोड्या वेळाने लक्षात आलं की मी पाट्या वाचणं सोडलं होतं. त्या वाचता येतही नव्हत्या. या शहराची लिपीच वेगळी आहे. मी बघत होते ती उंची. हा डबा माझ्या दीडपट, तो एसीचा खोका दोन उड्यांवर, त्या गजांमधून डोकं जातंय म्हणजे अंगही जाईल.

मग झुर्क. फिकट, गोल, एक डोळ्याचे, टिचभर किडे, आणि आले ते शेकड्याने. अंगावर उडी मारून चिकटतात. गोल बटण दाबून झटकायचे. गंमत म्हणजे तेच बटण म्याव करायचं. त्यामुळे घाबरून बटण बडवताना मधेच एकदा नुसतंच केविलवाणं म्याव झालं आणि मी मेले. पहिल्या रात्री तीनदा मेले.

धावत-पळत एका फ्लॅटमध्ये शिरले. छपरावर रंगाचा डबा होता, तो पंजाने ढकलून खालची काच फोडायची, हे मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. वस्तू कडेला दिसली की ढकलायची, हे मांजर पाळलेल्या कुणालाही ठाऊक असतं. आत पुस्तकं पाडली, कीबोर्डवर चालले, चार बॅटऱ्या जागेवर बसवल्या आणि एक पिटुकला उडता यंत्रमानव जागा झाला. नाव बी-12. त्याला रोबोंची भाषा येते, दार उघडता येतं, पण स्वतःचं काही आठवत नाही. त्याने मांजराच्या पाठीवर एक छोटी बॅग बांधली. बांधल्याक्षणी मांजर आडवं पडलं. मग उठलं, पोट जमिनीला टेकवून, पाय आखडून, 'हे काय लटकवलंत माझ्या अंगावर' अशा चालीने चार पावलं गेलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी भुरी मांजरीला पट्टा घातला होता तेव्हा ती तासभर अशीच चालली होती. हे बनवणाऱ्यांच्या घरात मांजर आहे, याबद्दल मला शंका उरली नाही. नंतर कळलं की नायकाचं रूप त्यांच्याच एका मांजरावरून, मर्टोवरून घेतलंय.

सोमवार

झोपडपट्टी. गेममध्ये या भागाचं नावच तसं आहे. आत पाऊल टाकलं तर पळापळ, भोंगा, धडाधड दारं बंद. रोबोंना वाटलं मी झुर्क. एक म्हातारा रखवालदार पुढे आला, मला वाकून बघितलं आणि सगळ्यांना हाक दिली, घाबरू नका. मग एकेक जण बाहेर आले. चेहऱ्याच्या जागी छोटा पडदा, त्यावर डोळ्यांची दोन चिन्हं. खुश झाले की बदामाचं चित्र. अंगावर मात्र कपडे. टोपी, शाल, झब्बे, गवती हॅट. माणसं केव्हाच संपलीत, त्यांची सवय हे लोक चालवतायत. दुकान चालवतात, बारमध्ये बसतात, गल्ली झाडतात. खात-पीत नाहीत, तरी एक जण नूडल्स शिजवतो.

या शहराला मूळ आहे. हाँगकाँगमधली काउलूनची तटबंदी वस्ती. पावणेतीन हेक्टरांच्या आत जागा, त्यात तीस हजारांवर माणसं, एकमेकांना टेकून उभ्या शेकडो इमारती. काइ टाक विमानतळ शेजारीच, म्हणून चौदा मजल्यांच्या आसपास थांबलेल्या. नाहीतर त्या अजून वर गेल्या असत्या. खालच्या गल्ल्यांत दिवसाही दिवे. 1993-94 मध्ये ती पाडली, आता तिथे बाग आहे. स्टुडिओच्या लोकांना त्या वस्तीने झपाटलं होतं आणि गेमचं सुरुवातीचं नावही 'एचके प्रोजेक्ट' होतं. त्या वस्तीचे फोटो बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की अशा जागेत हिंडायला सगळ्यांत सोयीचं जनावर म्हणजे मांजर.

मला ते पटायला वेळ लागला नाही. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथला खरा नकाशा मांजरांना माहीत होता. आम्हाला जिना, गॅलरी, संडासाची रांग आणि अंगण एवढंच. मांजरं पत्र्यावरून मोरीच्या खिडकीत, तिथून पोटमाळ्यावर, तिथून शेजारच्या चाळीच्या कौलावर. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या मांजरीने पिल्लं घातली होती ती आम्हाला पंधरा दिवस सापडली नव्हती, आणि ती होती आमच्याच डोक्यावर. त्या संध्याकाळी मी पत्रा, पाइप, एसी, खिडकी, दोरीवरचे कपडे असं करत तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि एका घराच्या खिडकीतून आत शिरले. घरातल्या रोबोने ओरडायच्या ऐवजी विचारपूस केली. चाळीत एवढा पाहुणचार नव्हता.

आता एक तक्रार. या मांजराला कुठेही उडी मारता येत नाही. जिथे मारता येते तिथे चिन्ह उमटतं, बटण दाबलं की उडी बरोब्बर बसते. कधी म्हणून चुकत नाही. कडेवरून पडताच येत नाही. माझ्यासारखीला, जिने कातळावर एकेका बोटाच्या पकडीसाठी दहा-दहा मिनिटं घालवलीत, तिला हे पहिल्यांदा पुचाट वाटलं. ज्यात पडायची भीती नाही ती कसली चढाई? भुरीला बघेपर्यंत असं वाटत होतं. ती आमच्या ग्रिलवरून कुंडीवर, कुंडीवरून कठड्यावर जाते तेव्हा तिच्याकडे विचार करताना बघा. कडेला बसते, मान खालीवर करते, एकदा मागचे पाय हलवते. जागा पक्की झाल्याशिवाय उठतच नाही. मग चिन्ह उमटतं, असंच म्हणायचं.

मंगळवार

आज काहीच झालं नाही. हा माझा सगळ्यांत आवडता दिवस.

वस्तीच्या गल्लीत एक वादक रोबो बसलेला असतो. तंतुवाद्य हातात, पण सूर हरवलेत. गावात कुठे कुठे स्वरलिपीचे कागद दडलेत, एकूण आठ. आणून दिले की तो ती चीज वाजवतो. एक कागद कुणाच्या घरात, एक पियानोवर, एक व्यापाऱ्याकडे, आणि तो व्यापारी त्याच्या बदल्यात थंड पेयाचा डबा मागतो. मला दोन सापडले. ते दिले. त्याच्याशेजारी एक उशी आहे, त्यावर जाऊन झोपायचं बटण दाबलं.

मांजर गोल फिरलं, मुटकुळं केलं, डोळे मिटले. कंट्रोलर हातात घुरघुरायला लागला, अगदी बारीक, मांडीवर मांजर घ्यावं तसा. आणि चित्र हळूहळू मागे सरकलं. आधी उशी, मग वादक, मग गल्ली, दिवे, ये-जा करणारे दोन रोबो, दोरीवर वाळत घातलेलं काहीतरी. मी हालचाल करेपर्यंत ते तसंच राहतं. मी केलीच नाही. पाय उशीवर होता, कंट्रोलर पोटावर. जाग आली तेव्हा आईने दिवा लावला होता आणि ती पडद्याकडे बघत होती.

"झोपलंय होय ते?"

"हो."

"मग तुझा खेळ?"

"हाच खेळ."

आई बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "दमलं असेल," आणि आत गेली.

ओंकारने सांगितलं की या गेममध्ये एक तासाहून जास्त झोपलं तर बक्षीस मिळतं आणि त्याचं नाव 'प्रॉडक्टिव्ह डे'. दुसरंही एक आहे, दोन तासांच्या आत सगळा गेम संपवण्याचं. ते त्याने मिळवलंय. झोपेचं त्याच्याकडे नव्हतं. ते मला नकळत मिळालं होतं. तो फोनवर जरासा गप्पच झाला.

बुधवार

आज कथा पुढे सरकवली. या वस्तीत काही जणांना बाहेर जायचं होतं. ते स्वतःला बाहेरचे म्हणवत. त्यातला एक मागे राहिला, मोमो. बाकीच्यांच्या वह्या शोधून आणून दिल्या, मग त्याचं यंत्र घेऊन गच्चीवरच्या उंच मनोऱ्यावर जायचं. वाटेत झुर्कना एका पिंजऱ्यासारख्या लिफ्टमध्ये म्याव करून बोलवायचं आणि आपण निसटायचं. मनोऱ्यावर पोचल्यावर खाली सगळी वस्ती, दिव्यांचा सडा, वर काळं छत. माथ्यावर पोचलं की मी नेहमी डबा उघडते. सवयीने हात बाजूला गेला, तर आईने ठेवलेली शेंगदाण्याची चिक्की होती.

पण मन रमलं ते उतरल्यावरच्या उलाढालीत. एक हरवलेला शास्त्रज्ञ आहे, त्याला शोधायला एक मोडकं यंत्र दुरुस्त करून हवंय. दुरुस्त करणाऱ्याचे हात थंडीने थरथरतायत. त्याला काहीतरी उबदार हवं. कोपऱ्यावर एक आजी बसल्यात, त्या विणून देतील, पण लोकर नाही, विजेच्या वायरी पाहिजेत. वायरी बाजारातल्या व्यापाऱ्याकडे, त्याला बदल्यात कपडे धुवायचा साबण हवा. साबण धोब्याकडे, तो दार उघडत नाही. वर गच्चीवर दोन रोबो गल्लीच्या या बाजूने त्या बाजूला रंगाचे डबे फेकतायत. ऐन फेकीच्या वेळी खालून म्याव करायचं. डबा हुकला, धोब्याच्या दारात रंगाचा सडा, धोबी तणतणत बाहेर, मी त्याच्या पायांमधून आत.

लग्नघरात दिवसभर हेच चालतं: कुणाची गाडी, कुणाची चावी, तो आला की हा जाईल. त्यामुळे मला हे कोडं म्हणून वाटलंच नाही. शिवाय रंगातून चालत आले म्हणून दुकानभर पिवळे ठसे उमटले. ते पुसायला कुणी सांगितलं नाही.

आजींनी वायरी विणल्या. खरंच विणल्या, सुयांवर. त्या विणत असताना जवळ बसायला जागा आहे. मी बसले.

गुरुवार

गटारं. दोन वाक्यांत सांगते. शास्त्रज्ञ सापडला, त्याने झुर्क जाळायचा जांभळा झोत बी-12 ला बसवून दिला आणि मग अंधाऱ्या नळ्यांमधून, भिंतीवर उगवलेल्या मोठाल्या डोळ्यांच्या नजरेखालून पळत सुटायचं. नववं मरण इथे झालं आणि त्याचंही एक बक्षीस निघालं.

मांजराला शस्त्र दिलं की ते मांजर राहत नाही. झोत तापतो, मग थांबून थंड होऊ द्यायचा, पुन्हा मारायचा. हे तर कुठल्याही गेममध्ये असतं म्हणे. झुर्क मुळात माणसांनीच कचरा खाण्यासाठी बनवले होते आणि पुढे ते धातूही खायला लागले, ही गोष्ट चांगली आहे. पण ती मला बी-12 ने सांगितली. मांजराला त्याचं काय? बनवणाऱ्यांनाही ते जाणवलं असावं, कारण थोड्याच वेळात त्यांनी तो झोत काढून घेतला.

पाय ठणकत होता. लवकर बंद केलं.

शुक्रवार

गटारातून वर आले ती 'अँटव्हिलेज', म्हणजे मुंग्यांचं गाव, अशा नावाच्या रोबोंच्या वस्तीत. एका जाडजूड खांबाभोवती वर वर चढत गेलेली घरं, पूल, शिड्या, कुंड्या, झाडं. खाली पडल्यापासून इथे पहिल्यांदा हिरवं दिसलं. सगळं इतकं संथ, की मी आपोआप चालणं धरलं, पळणं सोडलं. सगळ्यांत वर एक म्हातारा रोबो ध्यानाला बसलाय. तोही पूर्वी बाहेर जायला निघाला होता. आता त्याला जायचं नाहीये, पण जाणाऱ्याला वाट सांगतो. खाली एक माळीणबाई तीन झाडं मागतात, लाल, पिवळं, जांभळं. मी ती शोधली. गोष्ट पुढे न्यायला ती लागत नाहीत.

दुपारी ओंकार आला, क्लासच्या मधल्या सुटीत. मी कुंडीच्या कडेवर बसलेली बघून म्हणाला, "मावशी, अजून इथेच? हे पाच मिनिटांचं गाव आहे."

"तुझं असेल."

"पुढे मिडटाउन आहे, बघ, भारी आहे."

मिडटाउन भारी आहे खरंच. निऑनच्या पाट्या, सरकते जिने, टोप्यांचं दुकान, न्हावी, नाइट क्लब. आणि डोक्यावर फिरणारी पहारेकरी यंत्रं, कुणी बाहेरचं नाव काढलं की उचलून नेणारी. खालच्या वस्तीत खिसे फाटकेच, पण दार उघडं होतं. इथे सगळ्यांकडे सगळं आहे आणि कुणी कुणाशी बोलत नाही. एका गल्लीत कचरा झाडणारा रोबो माझ्याकडे बघून थबकला, एवढंच.

इथे क्लेमेंटाइन नावाच्या रोबोला भेटायचं. तिला भुयारी रेल्वे चालू करायला अणुबॅटरी हवीय, ती कारखान्यात. आत जायचं कसं? एकाला कामगाराचं जाकीट आणि हेल्मेट मिळवून द्यायचं, मग तो मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून नेणार. खोक्यात शिरायचं बटण दाबताना ओंकार म्हणाला, "आता बघ." मांजर खोक्यात गेलं, गोल फिरलं, बसलं. कारखाना, पहारेकरी, अणुबॅटरी, सगळं राहिलं बाजूला. आम्ही दोघं खिडकीकडे बघायला लागलो. भुरी बाहेर कठड्यावर, माझ्या नव्या वॉकरचं रिकामं खोकं गॅलरीत पडलं होतं त्यात बसलेली.

ज्याने खोक्यात घालून आत नेलं त्यानेच पुढे आम्हाला पकडून दिलं. मला चाहूल लागली होती. जाकीट घालताना तो आरशात फार बघत होता.

शनिवार

लटकता पिंजरा. पाठीवरची बॅग गेली, बी-12 गेला. तुरुंगात क्लेमेंटाइन दिसली, ती काहीतरी बोलली, आणि पडद्यावर नुसती ती न कळणारी चिन्हं. सात दिवस मी हे विसरूनच गेले होते, की यांची भाषा मला येत नाही. कुणीतरी मधे बसून सांगत होतं म्हणून कळत होती. क्लेमेंटाइनने बोट दाखवलं, मान हलवली. मी त्या दिशेला गेले. पुरलं तेवढं.

पिंजरा डावीकडे-उजवीकडे झुलवून पाडला, बी-12 ला सोडवलं, रेल्वेपर्यंत पळालो. गाडी सुरू करायला कुणीतरी मागे थांबायला हवं होतं. क्लेमेंटाइन थांबली. या गेममध्ये सतत कुणीतरी मागे थांबतं. मोमो थांबला, तो ध्यानवाला थांबला. मी एकटी पुढे जाते, आणि मला तर कुठे जायचंय हेही कुणी विचारलेलं नाही. मला वर जायचंय, तिघांकडे. बाकी सगळ्यांना आकाश हवंय.

शेवटची खोली नियंत्रण कक्षाची. इथे बी-12 ला सगळं आठवतं. तो यंत्रमानव नव्हताच, माणूस होता, शास्त्रज्ञ. साथीत सगळे गेल्यावर त्याने स्वतःचं मन यंत्रात उतरवलं होतं. छत उघडायचं तर त्याला सगळी शक्ती खर्चावी लागणार आणि तो उरणार नाही. त्यालाही हे माहीत, मलाही. तरी त्याच्या कामात मी मदत करायची: कळपट्ट्यांवर उड्या मारायच्या, पॅनेल खरवडायचं. दोन खटके, डावा, उजवा. पहिल्या दिवशी झाड खरवडलं होतं तसंच.

छत सरकलं. ऊन आत आलं, खालपर्यंत. झुर्क उन्हात फुटून गेले. वस्तीतले रोबो वर बघत उभे राहिले, रखवालदार, मोमो. मी आजींना शोधत होते. बी-12 जमिनीवर पडला होता. मांजर त्याच्याजवळ जाऊन कुशीत घेतल्यासारखं झोपलं.

आई मागे कधी आली मला कळलं नाही. "गेला का तो?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला.

मग दार. उतार. गवत. मांजर बाहेर आलं, एकदा मागे वळून बघितलं आणि उन्हात निघून गेलं. आणि संपलं. ती तीन मांजरं? दिसत नाहीत. मी नावांची यादी संपेपर्यंत थांबले, काहीतरी दाखवतील म्हणून. नाही दाखवलं.

मला राग आला. ओंकारला लिहिलं, 'घरी पोचलं की नाही ते?' त्याचं उत्तर आलं, 'पोचलं असेल ना.' अठरा वर्षांचा मुलगा, दोन तासांत संपवणारा. असेल ना, म्हणे.

रविवार

ग्रुपच्या कुलंगच्या फोटोंकडे आज बघितलं. सगळे माथ्यावर, हात पसरून. चांगले आहेत. मधल्या टप्प्याचा, जिथे सगळे दमून पसरतात, त्याचा एकही नव्हता.

प्लास्टर निघायला अजून बरेच दिवस आहेत. दुपारी आई झोपल्यावर पुन्हा गेम लावला. हवं ते प्रकरण निवडता येतं. पहिलं निवडलं.

पाऊस. काँक्रीटचा आडोसा. चौघं. मी एकाला चाटलं, दुसऱ्याशी कुस्ती केली, तिसरं झोपलं होतं त्याच्या शेपटीशी बसले. झोपायचं बटण दाबलं की सकाळ होते, सकाळ झाली की पाइप. कंट्रोलर मांडीवर ठेवला. पडद्यावर पाऊस पडत राहिला.

गॅलरीत भुरी खोक्यातून उठली, आळस दिला, उंबरा ओलांडून आत आली आणि प्लास्टरवर चढून बसली. तिला ते आवडलं असावं. खरखरीत आहे, नखं घासायला बरं.